थंड खोलीतलं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. बिंदू चौकात माझ्या खांद्याला खांदा लावून पत्रकं वाटणाऱ्यांना नाही — ज्यांच्यापासून आपण काही लपवत नाही असं मी छातीठोक सांगत आले, त्यांनाही नाही. म्हणजे — थांबा, सुरुवातच खोटी नको. परवा एका माणसाला सांगितलं, आणि त्यानंतर आईला आणि आणखी एकाला. ते शेवटी येईल. त्याआधी पाच वर्षं हे माझ्या पोटात होतं, आणि त्याच पाच वर्षांत मी लोकांना तपासा, विचारा, खरं बोला असं बजावणारी पोतंभर पत्रकं लिहिली.

तुम्ही मला ओळखत असाल तर त्या पत्रकांवरूनच. अंगात येणं, भानामती, मुहूर्त, लिंबू-मिरच्या — एकालाही सोडलं नाही. ‘करून काय बिघडतं?’ ह्या एका प्रश्नावर तर मी अख्खं पत्रक काढलं होतं. करून काय बिघडतं असं म्हणणाऱ्याकडे विश्वासही नसतो आणि धीरही नसतो, म्हणून तो उघड भक्तापेक्षा वाईट — असं त्यात होतं. वाक्य माझं. टाळ्याही मलाच मिळाल्या. आता तेच वाक्य हातात धरा आणि पुढचं वाचा.

मी तेव्हा शाहूपुरीतल्या एका संगणक केंद्रात पंचिंगला होते. आसपासच्या साखर कारखान्यांच्या उसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या पोत्यांनी यायच्या. आम्ही मुली त्या यंत्रात भरायचो आणि आतल्या थंड खोलीतलं मोठं यंत्र शेतकऱ्यांची बिलं काढायचं. त्या खोलीत दोन ड्राइव्ह होते — कमरेएवढी लोखंडी कपाटं, वरून झाकण उघडायचं. त्यात हिशेब साठवायचा पॅक बसायचा. पॅक म्हणजे परातीएवढ्या तपकिरी चकत्या, मधे फट सोडून एकावर एक रचलेल्या, आणि मधोमध एक लोखंडी गाभा. पॅक गरागरा फिरतो, फटींमधून बारीक हेडं आत-बाहेर करतात, वाचतात, लिहितात. हेड चकतीला टेकत नाही. केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगतं. मधे धुळीचा एक कण आला की संपलं — हेड आपटतं आणि चकती खरवडून निघते.

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. विसरले होते असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

यंत्र आमच्याकडे जुनंच आलेलं. मुंबईतल्या एका कचेरीनं नवं घेतलं आणि हे काढून टाकलं. त्याच्याबरोबर आलेले पॅक झिजत चालले होते आणि तसे पॅक आता कुठं मिळत नव्हते. परदेशातून मागवायचे तर परवाना, आणि परवाना म्हणजे दिल्लीच्या वाऱ्या. चौगुले साहेब, आमचे व्यवस्थापक — शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले, आवाज कधी न चढवणारे — त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं: दसऱ्यानंतर गळीत सुरू होईल, तोवर पॅकची सोय लागली नाही तर सगळं काम पुण्याला जाईल. काम पुण्याला म्हणजे आम्ही सगळ्या मुली घरी. माझ्या घरी मी एकटी मिळवती होते. हे कारण म्हणून सांगत नाही. माहिती म्हणून सांगते.

मग इकबालभाईंनी बंगळूरच्या लिलावातून दुसऱ्याच जातीचे पॅक आणले.

इकबाल शिकलगार आमचे इंजिनिअर. डिप्लोमा झालेले, आवाज खणखणीत, स्वतःचं कौतुक स्वतःच करायचे आणि दुसऱ्यानं केलं नाही तर रागवायचे. आजोबा गल्लोगल्ली सहाण घेऊन सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, हे ते साहेबांच्या पाहुण्यांनाही सांगत. नवे पॅक आकारानं जवळजवळ आमच्यासारखेच होते, पण दोन फरक होते. एक, गाभ्याचं भोक जरा मोठं. दुसरा फरक खरा. पॅकच्या तळाशी एक कडं असतं, त्याला खाचा असतात. खाच समोरून गेली की यंत्राला कळतं, आता चकतीचा पुढचा भाग आला. आणि एक जादा खाच असते, ती म्हणजे फेरी इथून सुरू. आमचं यंत्र जितक्या खाचा मोजायला शिकलं होतं, त्याच्या दुप्पट ह्या नव्या पॅकला होत्या.

“मग काय झालं?” इकबालभाई म्हणाले. “लेझीम खेळताना एक ठोका सोडून एक पाऊल टाकत न्हाय काय आपण? हिला तेच शिकवायचं.”

त्यांनी एका पट्टीवर चार-पाच चिप जोडून एक कार्ड केलं — एक खाच मोज, एक सोड. पहिल्यांदा ते फसलं. ती जादा खाचही मोजणीत यायची, आणि एका फेरीला बरोबर चाललेलं दुसऱ्या फेरीला एका खाचेनं सरकायचं. भाई तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं, की जादा खाच दिसली की मोजणी मोडायची आणि शून्यापासून धरायची. भोकासाठी उद्यमनगरातल्या लेथवरून पितळी वॉशर करून आणला. रिकामा पॅक फिरवून पाहिला, लिहिला, वाचला. बरोबर. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्या मुलींना भेळ खिलवली आणि मुंबईच्या इंजिनिअरांना काय येत नाही ह्यावर भाषण दिलं.

राहिली होती खरी परीक्षा. मागच्या हंगामाचा सगळा हिशेब जुन्या पॅकवरून नव्यावर उतरवायचा. ती ठरली खंडेनवमीच्या दिवशी.

आता दत्तूमामा.

मी मुद्दामच त्यांना उशिरा आणते आहे, दिसतंय ना? पाच वर्षं हेच केलं. ह्या गोष्टीचा मनातल्या मनात विचार करताना आधी यंत्र, मग खाचा, मग परवाना, मग पुणं — मामा सगळ्यात शेवटी, आणि तेवढ्यात काहीतरी काम निघायचं.

दत्तूमामा आमचे शिपाई. पेठ वडगावचे लोहार. रोज एसटीनं यायचे. थंड खोलीची किल्ली त्यांच्याकडे. दारात सगळ्यांच्या चपला काढून घ्यायचे, साहेबांच्यासुद्धा. धूळ नको म्हणून तो नियम होता, पण मामा तो देवळातल्यासारखा पाळायचे. कुणी पायात घालून आत निघालं की म्हणायचे, “पावणं, गाभारा हाय ह्यो.” ओल्या फडक्यानं फरशी पुसायचे, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसायचे. आम्ही हसायचो. इकबालभाई मात्र म्हणायचे, ह्या खोलीत निम्मं इंजिनिअरिंग दत्तूमामांचं आहे.

आदल्या वर्षी खंडेनवमीला मामांनी यंत्रापुढं नारळ, झेंडू, उदबत्ती, हळद-कुंकू असा थाट केला होता. लोहाराच्या घरात भात्याची आणि ऐरणीची पूजा होते, मग एवढ्या मोठ्या हत्याराची का नको? काही बिघडलं नव्हतं तेव्हा, पण इकबालभाईंचा जीव वर-खाली झाला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या आज्याच्या सहाणेलासुद्धा खंडेनवमीला झेंडू लागायचा; सहाणेला चालतं, हिला नाही.

मला तेवढंच पुरे झालं. ह्या वर्षी मी सूचना लिहिली — मशीनच्या खोलीत हळद, कुंकू, गुलाल, अंगारा, उदबत्ती नेण्यास सक्त मनाई. साहेबांनी सही केली. धुळीबद्दल दोन ओळी पुरल्या असत्या. मी त्यात ‘अंधश्रद्धेला विज्ञानाच्या दारात जागा नाही’ असं घातलं. मामांनी ती सूचना दारावर स्वतः चिकटवली. मग मला म्हणाले, “वर्साच्या सणाला हत्यार उपाशी ठेवल्यागत वाटतंय, ताई. पर साहेबांची सही हाय म्हंजे हाय.” आणि त्यांनी झेंडूचं तोरण बाहेरच्या दाराला बांधलं, नारळ जिन्यावर फोडला. नियम पाळला. तंतोतंत पाळला.

इथपर्यंत आले. आता सोपं जाईल असं वाटत नाही, पण मागंही फिरायचं नाही.

त्या सकाळी आईनं माझ्या पर्समध्ये अंबाबाईचं कुंकू पुडीत बांधून ठेवलं. मी दारातच तिला टाकून बोलले. ती म्हणाली, “तुझ्यासाठी न्हाय, तुझ्या मशीनसाठी हाय. नको तर टाकून दे.” मी टाकून दिलं नाही. का नाही? पत्रकात ह्याचं उत्तर मी दोन ओळींत दिलं असतं. स्वतःच्या बाबतीत अजून देता येत नाही.

केंद्रात लवकर पोचले. मामांनी कुलूप उघडून मला आत सोडलं आणि ते खाली जिना धुवायला गेले. इकबालभाईंनी नवा पॅक ड्राइव्हमध्ये बसवून ठेवला होता. पॅकला खोलीच्या गारव्यात जरा मुरू द्यायचं असतं, म्हणून ते टपरीवर चहाला गेले होते. जाताना जिन्यात भेटले तेव्हा मला बजावून गेले होते, झाकणाला हात लावायचा नाही. मला कन्सोलवर बसून आज्ञा टाइप करायची होती, म्हणून मी आत होते. एकटी.

मी झाकण उघडलं.

चकत्यांना हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. म्हणून — माझी हुशारी बघा — मी कुंकू चकतीला लावलं नाही. मधल्या लोखंडी गाभ्याला लावलं. अनामिकेनं, एक टिकली. तिथं काही लिहिलेलं नसतं, तिथं काय होणार आहे? मनात शब्द आले ते हेच, अगदी हेच — लावून काय बिघडतं. मी हात जोडले की नाही, ते आठवत नाही. कदाचित जोडले. झाकण लावलं, बोट रुमालाला पुसलं आणि जागेवर येऊन बसले. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकं बरं मला एकाही सभेत वाटलं नव्हतं.

पॅक फिरायला लागला की कोरडं कुंकू गाभ्यावर थोडंच बसून राहणार? ते बाहेर फेकलं जातं. भोवऱ्यावर धूळ ठेवून फिरवा, शाळेतल्या पोरालाही कळेल.

सगळे जमले. साहेब, मुली, दारात मामा. भाईंनी बटण दाबलं. ड्राइव्हनं वेग घेतला, हिरवा दिवा लागला, मी आज्ञा दिली. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग सहाणेवर सुरी टेकावी तसा आवाज आला — किंचाळल्यासारखा — आणि जळका वास. भाई झेपावले, त्यांनी यंत्र बंद केलं. झाकण उघडलं तर वरच्या चकतीवर चंद्रकोरीएवढा ओरखडा, आणि आत सगळीकडे तांबूस भुकटी.

पहिलं बोट इकबालभाईंकडेच गेलं. साहजिक होतं. लिलावातला पॅक, घरी केलेलं कार्ड, उद्यमनगरचा वॉशर. साहेब हळूच म्हणाले, वॉशर सरकला का. भाईंचं तोंड पांढरं पडलं. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंड उघडून एक वाक्य. नाही बोलले.

भाईंनी वॉशर मोजला, तो जागच्या जागी होता. मग ते त्या भुकटीकडे बघत राहिले. चकतीचा लेप खरवडला की भुकटी तपकिरी येते, गंजासारखी. ही जरा जास्तच लाल होती. त्यांनी ओलं बोट भुकटीत घातलं आणि पांढऱ्या कागदावर ओढलं. एक रेघ तपकिरी आली. तिच्या कडेला गुलाबी. मग गाभ्यावर वाकून पाहिलं. टिकलीचा पुसट डाग अजून होता.

“कुणी लावलं ह्ये?”

आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. माझीसुद्धा. ही गोष्ट मी स्वतःला कधी सांगितली नव्हती — माझीसुद्धा मान वळली. मी आधी वळवली की बाकीच्यांच्या मागून, एवढंच मला ठाऊक नाही.

मामा म्हणाले, मी नाही. किल्ली तुमच्याकडे होती, कुणीतरी म्हणालं. व्हय, होती, पण मी जिना धूत होतो. आणि मग त्यांनी जे खरं होतं ते सांगितलं, कुठलाही डाव न धरता — “आत तर ताई बी हुत्या की.”

सगळे हसले. खळखळून हसले. त्या भीषण वेळी सगळ्यांना हसायला तेवढं एक मिळालं. उषा माने आणि कुंकू? माझी पत्रकं माझ्या बाजूनं साक्षीला उभी राहिली. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. माझ्या जागी दुसरी कुठलीही मुलगी असती तर तिची पर्स तपासली असती. माझी कुणी मागितली नाही. पुडी आत होती.

मामांना ते हसणं लागलं. ते पुढं आले, अनवाणी, हातातलं ओलं फडकं तसंच. म्हणाले, “आई अंबाबाईची शपथ, म्या त्या मशीनला हात लावला न्हाय.”

तेवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. कोल्हापुरात अंबाबाईची शपथ घेतल्यावर सहसा कुणी पुढं विचारत नाही. साहेबांनी मान हलवलीसुद्धा होती.

आणि मी बोलले. मी म्हणाले, “शपथेनं काही सिद्ध होत नाही, मामा.”

हे माझं वाक्य. कुंकू लावलं ती भीती होती, गप्प बसले तो भित्रेपणा होता, पण हे — हे मी कोणी न विचारता, न मागता, स्पष्ट आवाजात म्हणाले. सभेतला आवाज. मामा माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. आपण नीट ऐकलं का, असं बघतात तसं.

ड्राइव्ह वाचला. भाईंकडे जादा हेडं होती, ती त्यांनी बसवली, आतली गाळणी बदलली, दुसरा पॅक लावला. दसऱ्यानंतर दोन दिवसांत तो मागच्या हंगामाचा हिशेब घेऊन लेझमीच्या तालावर चालायला लागला. ठोका सोडून ठोका, एकदाही चुकला नाही. काम पुण्याला गेलं नाही. आमच्या नोकऱ्या राहिल्या. सगळे वाचले, एक माणूस सोडून. साहेबांनी मामांना काढलं नाही. चिठ्ठ्यांच्या पोत्यांच्या गोदामावर बदली केली. शिक्षा म्हणून नाही, असं साहेब दोनदा म्हणाले. थंड खोलीची किल्ली मामांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली, कारण साहेब जागेवर नव्हते.

एवढ्यावर थांबले असते तरी हा कबुलीजबाब पुरेसा झाला असता. मी थांबले नाही. मी पत्रक लिहिलं.

‘यंत्राच्या कपाळी कुंकू’. तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. एका संगणक केंद्रातला एक शिपाई, सक्त मनाई असताना, खंडेनवमीच्या दिवशी — सगळं त्यात होतं. नाव नव्हतं. नाव घातलं नाही ह्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. व्यक्तीवर नाही, वृत्तीवर टीका करायची, असं आम्हाला शिकवलेलं. बिंदू चौकात वाटलं, स्टँडवर वाटलं, हातकणंगल्याच्या एसटीत वाटलं. ती एसटी पुढं वडगावला जाते. मी लिहिताना कधी नव्हे इतकी भराभर लिहीत गेले. आता कळतं का ते. मला त्या माणसाचा खरोखर संताप आला होता. ज्यानं भीतीपोटी टिकली लावली आणि दुसऱ्याच्या जिवावर गप्प राहिला — त्या माणसाचा. फक्त त्याला मी मामांचे कपडे घातले.

वडगावात मामांना ‘कुंकूमामा’ म्हणायला लागले. हे मला एका पंचिंगच्या मुलीनं हसत सांगितलं. मीही हसले.

मग केंद्र सोडलं, पूर्ण वेळ चळवळीत आले, नाव झालं. इकबालभाई भेटले की ‘काय पुढारीणबाई’ म्हणायचे आणि त्या कार्डाची गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. कुंकवापाशी आले की म्हणायचे, “दत्तूमामानं असं का केलं असंल, मला अजून पटत न्हाय बघा.” मी विषय बदलायचे.

गेल्या महिन्यात गगनबावड्याला नव्या कार्यकर्त्यांचं शिबिर होतं. बाहेर पाऊस असा की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पत्रक कसं लिहावं ह्यावरचं सत्र माझं. नमुना म्हणून संयोजकांनी माझंच पत्रक निवडलं होतं — तेच. एका चंदगडच्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं. छान वाचलं. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “ह्या माणसाला तुम्ही भेटला हुता काय नंतर? त्यानं कबूल केलं का?”

पाच वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तपासा, विचारा, असं शिकवणाऱ्या आमच्यातल्या एकानंही नाही. मी म्हणाले, नाही. म्हणाले, त्यानं कबूल केलं नाही. आणि माझ्या तोंडून निघालेलं ते पाच वर्षांतलं पहिलं खरं वाक्य होतं — त्यानंच मला इतकं हलकं वाटलं, की उरलेलंही बोलून टाकावं असं वाटायला लागलं. पश्चात्तापानं नव्हे, तहानेनं.

परवा वडगावला गेले. मामा निवृत्त झालेत. ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मला ओळखलं. बसा म्हणाले. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. सगळं. पुडी, झाकण, बोट, गाभा. ते शेंगा फोडत राहिले. मधे एकदाच विचारलं, “मधी लावलंता व्हय?” मी हो म्हणाले. “मग उडणारच की त्ये,” ते म्हणाले, आणि पुढची शेंग घेतली.

मी पत्रकाचं सांगितलं. ते माहीत होतं. थोरल्या मुलीच्या सासरी ते कुणीतरी भिंतीला लावलं होतं, दोन वर्षं तसंच होतं, म्हणाले. मग हात थांबवून म्हणाले, “म्हंजे माझी शपथ खरी हुती.”

“होय मामा. खरी होती.”

“मग तसं लिवा. तुमाला लिवाय येतंय.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “आन नाव घाला. मागल्या बारीला घातलं न्हवतं, तरी समद्यांस्नी कळलं. आता घाला.”

त्यांनी मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. चहाही विचारला नाही, आणि आमच्याकडे चहा न विचारता माणूस दारातून परत जात नाही. त्यांनी टोपली उचलली आणि आत गेले. मी स्टँडवर चालत आले, एसटीत खिडकीशी बसले आणि कोल्हापूर येईपर्यंत गाढ झोपले. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण झोपेनंतर.

आईला सांगितलं. इकबालभाईंना सांगितलं. संघटनेला उद्या सांगेन. त्यांना जे करायचं ते त्यांनी करावं. हे पत्रक त्याच छापखान्यात, त्याच कागदावर छापून घेते आहे. बिंदू चौकात वाटणार, स्टँडवर वाटणार, आणि वडगावच्या एसटीत.

दत्तात्रय रामू लोहार, पेठ वडगाव, यांनी त्या यंत्राला हात लावला नव्हता. त्यांची शपथ खरी होती. कुंकू मी लावलं.

— उषा माने